सरपणाच्या दिवसांत पाय सांभाळा



नाताळ आटोपतो, भाताची मळणी उरकते, आणि मग घरोघरी पावसाळ्याच्या जळणाची आठवण होते. खानापूर, हल्याळ, जोयडा या आपल्या भरपूर पावसाच्या पट्ट्यात जूनपासून चार महिने लाकूड वाळत नाही. म्हणून जे काही फोडायचे, वाहायचे आणि रचायचे, ते वळवाच्या पावसापूर्वी, म्हणजे ईस्टरच्या आगेमागे, उरकावे लागते. आता पुष्कळ घरांत गॅस आला आहे. 2016 साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने तो गरीब घरांतही पोचवला. तरीही न्हाणीचे पाणी, गुरांचे आंबोण, उकड्या तांदळासाठी भात उकडणे ही कामे आजही बहुतेक ठिकाणी लाकडावरच होतात. गॅस आला म्हणून कुऱ्हाड माळ्यावर गेली असे झालेले नाही.

या कामात सर्वांत जास्त धोका कोणाला, असे विचारले तर आपण हाताचे नाव घेतो. पण कुऱ्हाड चुकली तर ती खाली येते, ओंडका निसटला तर तो खाली पडतो, निखारा उडाला तर तो खालीच पडतो. खाली असतो आपला पाय, आणि तो बहुधा उघडा असतो. रविवारी मिस्साला जाताना आपण बूट घालतो आणि सोमवारी लाकडे फोडताना ते काढून ठेवतो. खरे म्हणजे बुटाची गरज सोमवारी जास्त आहे!

या लेखात आम्हाला मुख्यतः एकच गोष्ट सांगायची आहे. पायाला जखम होते ती घाईने, पण पाय जातो तो पुढच्या आठ दिवसांच्या दुर्लक्षाने. पहिली गोष्ट पुष्कळ अंशी टाळता येते. दुसरी तर जवळजवळ पूर्णपणे आपल्याच हाती आहे.

1. फोडताना

आपल्याकडे फांदी एका पायाखाली दाबून धरायची आणि कोयत्याने किंवा कुऱ्हाडीने तोडायची अशी सर्रास सवय आहे. ही सवय प्रथम सोडावी. पाऊल लहान दिसले तरी त्यात 26 हाडे आहेत. पावलाच्या वरच्या बाजूची कातडी पातळ असते आणि तिच्या अगदी खाली बोटे उचलणाऱ्या दोऱ्या, म्हणजे स्नायूंचे कंडरे, असतात. तिथे बसलेला दोन बोटे रुंदीचा घावसुद्धा या दोऱ्या तोडू शकतो. मग वरून जखम भरली तरी अंगठा उचलत नाही आणि माणूस बांधावरून चालताना अडखळत राहतो.

लाकूड नेहमी जाड, रुंद, जमिनीवर न डगमगणाऱ्या ओंडक्यावर ठेवून फोडावे. ओंडका गुडघ्यापेक्षा थोडा कमी उंच असावा. फोडायचे लाकूड त्याच्या मधोमध किंवा आपल्यापासून दूरच्या अर्ध्या भागावर उभे करावे, म्हणजे घाव चुकला तरी कुऱ्हाड ओंडक्यात रुतते, नडगीवर येत नाही. दोन्ही पाय खांद्यांइतके फाकवून एका रेषेत ठेवावेत. एक पाय पुढे टाकून उभे राहिले की तोच पाय घावाच्या वाटेत येतो. घाव खाली येताना गुडघे किंचित वाकवावेत.

दांड्याकडे लक्ष द्यावे. आखूड दांड्याची कुऱ्हाड हलकी वाटते, पण चुकली की तिचा फेरा आपल्या पायापाशीच संपतो. लांब दांड्याची बहुधा पुढे जमिनीत जाते. दांडा जिथे लोखंडात बसतो तिथे तो घट्ट पाचर मारलेला असावा. सैल झालेली कुऱ्हाड रात्रभर पाण्यात बुडवून घट्ट करण्याची रीत आहे. तिने लाकूड फुगते खरे, पण दोन दिवसांत वाळून ते पहिल्यापेक्षाही सैल होते आणि पाते उडते. नवी पाचर मारावी किंवा दांडाच बदलावा. धार चांगली ठेवावी. बोथट कुऱ्हाड लाकडात न शिरता घसरते, आणि घसरलेल्या कुऱ्हाडीला दिशा नसते.

चिंच, बाभूळ यांची गाठाळ लाकडे कुऱ्हाडीने हट्टाने फोडू नयेत. लोखंडी पाचर आणि घण वापरावा. पाचरीचे डोके ठोकून ठोकून फुलले असेल तर ती कड कानशीने घासून टाकावी, नाहीतर तिचे तुकडे गोळीसारखे उडतात. एका कुऱ्हाडीच्या डोक्यावर दुसरी कुऱ्हाड मारू नये. मुले ढलप्या वेचायला भोवती जमतात. त्यांना कुऱ्हाड थांबेपर्यंत दहा पावले दूर ठेवावे.

2. पायात काय घालावे

हवाई चप्पल ही लाकडे फोडण्याची वहाण नव्हे. ती ओल्या ढलपीवर घसरते, खिळ्याला अडवीत नाही आणि निखाऱ्यावर वितळून कातडीला चिकटते. जाड तळव्याचा, पाऊल पूर्ण झाकणारा कातडी बूट असावा. हार्डवेअरच्या दुकानात पुढे पोलादी टोपी असलेले कामगारांचे बूट मिळतात. ते घेताना त्यावर आयएसआय खूण आणि आयएस 15298 हा क्रमांक पाहावा. ओंडका पडला तर ही टोपी बोटे वाचवते. मात्र टोपीच्या मागचा भाग कुऱ्हाडीपासून वाचत नाही, हे विसरू नये. चिखलातला रबरी गमबूट काट्याकुट्याला आणि सापाला चांगला, पण कुऱ्हाडीची धार तो रोखीत नाही.

बुटांच्या एका जोडीला पैसे पडतात हे खरे. पण पेरणीच्या तोंडावर घरचा कर्ता माणूस महिनाभर खाटेवर पडला, तर मजुरीला किती पडतील, याचाही हिशोब घरात एकदा करून पाहावा.

3. वाहताना आणि रचताना

डोक्यावर मोळी असली की माणसाला आपले पाऊल दिसत नाही. म्हणून वाट आधी मोकळी करावी आणि मोळी अशी बांधावी की वाहणाऱ्याला मान ताठ ठेवता येईल. एकटीने मोठी मोळी उतरवू नये. घाईने डोके झटकून टाकलेली मोळी पुष्कळदा पावलावरच येते. दोघींनी धरून उतरवावी. मोठा ओंडका उचलण्यापेक्षा पहारीने लोटावा, आणि उतारावर त्याच्या खालच्या बाजूला कोणी उभे राहू नये.

रास छातीपेक्षा उंच रचू नये. दोन्ही टोकांना खुंट ठोकावेत. लाकूड नेहमी वरून काढावे. मधले एक ओढले की वरची सगळी पायावर येतात. खाली दोन आडवी लाकडे घालून रास जमिनीपासून वीतभर उचलावी आणि घराच्या भिंतीपासून काही हात दूर ठेवावी. यामुळे लाकूड वाळते, वाळवी कमी लागते आणि फुरसे, मण्यार, विंचू यांना दडायला जागा कमी मिळते. लाकूड काढण्यापूर्वी काठीने रास ठोकावी. रात्री बॅटरीशिवाय राशीकडे जाऊ नये.

जुने घर उतरवले की त्याचे वासे आणि रीपा आपण जळणात टाकतो. त्यांतले खिळे आधी उपटून डब्यात भरावेत. चपलेतून तळव्यात शिरलेल्या खिळ्याची जखम दिसायला टाचणीएवढी असते, रक्तही फारसे येत नाही, आणि म्हणूनच ती सर्वांत फसवी असते. याचे कारण पुढे धनुर्वाताच्या भागात देत आहोत.

4. चुलीपाशी

लांब लाकूड चुलीत सारून त्याचे शेपूट बाहेर ठेवायचे आणि जळेल तसे आत सारायचे, ही आपली पद्धत. त्या शेपटाला अडखळून माणूस आधणासकट पडतो. किंवा आतले टोक जळून तुटले की बाहेरचे जड होऊन कोलती पायावर येते. लाकडे हातभर लांबीची तोडावीत. चुलीच्या तोंडापुढे दोन हात जागा मोकळी ठेवावी. निखारे बाहेर येऊ नयेत म्हणून तोंडाशी चार बोटे उंचीचा मातीचा उंबरा घालावा. तीन दगडांच्या चुलीवर मोठे भांडे डगमगते. न्हाणीच्या पाण्यासाठी दगड मातीने पक्के बसवून घ्यावेत, आणि भरलेले आधण न उचलता तांब्याने बादलीत काढावे.

ओले लाकूड पेटत नाही म्हणून त्यावर रॉकेल किंवा डिझेल ओतणे म्हणजे आग अंगावर ओढून घेणे होय. फोडलेले लाकूड निदान सहा महिने वाळलेले असावे. पोटऱ्यांपर्यंत पोचणारे नायलॉनचे गाऊन आणि साड्यांचे लोंबते काठ चुलीपाशी आवरून घ्यावेत. सुती कपडा पेटला तरी अंगाला चिकटत नाही. नायलॉन वितळून चिकटते.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत 1974 साली ग्रामीण भागासाठी 'अस्त्र' हा विभाग सुरू झाला. तेथे तयार झालेली 'अस्त्र ओले' ही कमी धुराची चूल कर्नाटकात पुष्कळांच्या परिचयाची आहे. अशा बंद बांधणीच्या चुलीत सरपण कमी लागते, धूर धुरांड्यातून बाहेर जातो आणि भांडे भोकात पक्के बसते. सरपण कमी लागले की फोडणे कमी, वाहणे कमी, आणि पायाचा धोकाही कमी.

आता राखेबद्दल. वरून थंड दिसणाऱ्या राखेखाली निखारा दुसऱ्या दिवसापर्यंतही जिवंत राहतो. अंगणाच्या कडेला टाकलेल्या राखेत अनवाणी मुले पाय घालतात आणि तळवे भाजून घेतात. राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात काढावी, प्लास्टिकच्या बादलीत नव्हे, आणि गोठ्यापासून व गवताच्या गंजीपासून दूर ठेवावी. दोन दिवसांनी ती खुशाल शेतात न्यावी. तिच्यात पोटॅश आणि चुना असतो. आपल्या जांभ्या, आंबट जमिनीत नारळ-केळीच्या आळ्यात ती थोडी थोडी घातली तर उपयोगी पडते. फक्त युरियात किंवा ताज्या शेणात मिसळू नये, त्यातले नत्र उडून जाते.

5. ज्यांचे पाय बधिर आहेत

ही गोष्ट आम्ही मुद्दाम वेगळी सांगत आहोत. ज्यांना बरीच वर्षे मधुमेह आहे, त्यांपैकी अनेकांच्या पायांतील संवेदना हळूहळू कमी होते. कुष्ठरोगात जखमी झालेल्या नसांचेही तेच. अशा आजोबांनी पावसाळ्यात पाय गारठले म्हणून चुलीपुढे शेकत बसावे, ऊब लागत नाही म्हणून पाय आणखी पुढे सरकवावेत, आणि मग फोड सुनेने पाहावेत, असे होऊ शकते. दुखत नाही म्हणजे इजा झाली नाही असे नव्हे. दुखणे ही शरीराची राखण आहे. ती गेली की घर उघडेच राहते.

डॉ. पॉल ब्रँड 1946 साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोग्यांची बोटे आणि पावले रोगाने सडून गळतात असा तेव्हा सर्वांचा समज होता. डॉ. ब्रँड यांनी दाखवून दिले की बहुतेक नुकसान रोज न कळता होणाऱ्या जखमांनी, चटक्यांनी आणि दाबाने होते, आणि ते टाळता येते. बधिर पायांसाठी मऊ रबराच्या, आतून खिळा नसलेल्या चपला रुजल्या त्या याच विचारातून. हीच शिकवण आज मधुमेहाच्या पायांना लागू आहे.

अशा माणसांनी चुलीपुढे पाय शेकू नयेत. लोकरीचे मोजे घालावेत. पाण्याची ऊब पायाने नव्हे तर कोपराने पाहावी. अंगणातही अनवाणी फिरू नये. वहाण घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा किंवा ढलपी नाही ना हे पाहावे. रात्री झोपण्यापूर्वी तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. स्वतःला दिसत नसेल तर नातवाने पाहाव्यात. जखम कितीही लहान असली तरी दुसऱ्या दिवशीच डॉक्टरांना दाखवावी.

6. जखम झालीच तर

कुऱ्हाडीचा घाव: माणसाला आडवा करावा, पाय उंच ठेवावा, स्वच्छ कापडाची जाड घडी जखमेवर ठेवून जोराने दाबावी. दहा मिनिटे दाब सोडू नये आणि मध्येच उचलून पाहू नये. कापड भिजले तर त्यावरच दुसरे ठेवावे. रक्त थांबतच नसेल तर दाब न सोडता दवाखाना गाठावा. 108 ला फोन करावा. रक्त थांबल्यावरही बोटे वर उचलता येतात का, बोटांना स्पर्श कळतो का, हे पाहावे. यांपैकी काही बिघडले असेल तर आत कंडरा किंवा नस तुटली आहे असे समजून सहा-आठ तासांच्या आत मोठ्या दवाखान्यात जावे. बोट तुटून वेगळे झाले तर ते स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत घालावे आणि ती पिशवी बर्फात ठेवून बरोबर न्यावी. बोट थेट बर्फात घालू नये.

ओंडका पडला: पाय उंच, वर गार ओले फडके. चार पावलेसुद्धा टाकता येत नसतील तर हाड मोडले आहे असे समजावे आणि एक्स-रे काढावा. तेल लावून चोळू नये.

भाजले: पैंजण, जोडवी, मोजे लगेच काढावेत, पण कातडीला चिकटलेले कापड किंवा चप्पल ओढू नये. साध्या वाहत्या पाण्याखाली पाय पूर्ण वीस मिनिटे धरावा. बर्फ नको. तूप, शाई, टूथपेस्ट, काहीही नको. फोड फोडू नये. स्वच्छ धुतलेल्या कापडाने सैल झाकावे. पावलावरचे भाजणे आपल्या तळहातापेक्षा लहान असले तरी, फोड आले की डॉक्टरांना दाखवावे.

साप चावला: वर दोरी आवळू नये, कापू नये, चोखू नये. पाय फळीला बांधून न हलवता, माणसाला न चालवता, सापावरील लस असलेल्या दवाखान्यात न्यावे. विंचवाच्या दंशानंतर घाम, उलटी, धाप लागली तर तेही तितकेच तातडीचे समजावे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी यावर प्राझोसिन हे औषध वापरून दाखवले. तेव्हापासून असंख्य जीव वाचले. पण ते औषध वेळेवर पोचणाऱ्यालाच मिळते.

काटा किंवा कूस: हात धुवून, उकळलेल्या चिमट्याने ज्या दिशेने शिरली त्याच दिशेने ओढावी. खोल मोडली असेल तर सुईने खोदत बसू नये.

7. जखमेला काय लावू नये

यात आपले सर्वांत जास्त नुकसान होते. राख, शेण, माती, चुना-गूळ, तंबाखू, बिब्ब्याचा चटका यांपैकी काहीही जखमेला लावू नये. बिब्ब्याने कातडी भाजते. राख ओली झाली की क्षारासारखी झोंबते. आणि शेण-मातीत धनुर्वाताचे बीज असते.

हे जंतू माती, शेण आणि धूळ यांत वर्षानुवर्षे जगतात. हवा पोचत नाही अशा खोल जागी ते वाढतात, म्हणून खिळ्याची टाचणीएवढी जखम अधिक धोक्याची. बहुधा 3 ते 21 दिवसांत जबडा आवळू लागतो, गिळता येत नाही, मग सर्व अंग ताठते. तोवर जखम बरी होऊन विसरलीही गेलेली असते. हा रोग होऊन वाचलेल्यालाही पुन्हा होऊ शकतो, कारण त्याची प्रतिकारशक्ती रोगाने येत नाही, लसीनेच येते.

देशात मुलांच्या लसीकरणाचा सर्वव्यापी कार्यक्रम 1985 साली सुरू झाला. आपल्या बायकांना गरोदरपणी सुया मिळाल्या. मातांना आणि नवजात बाळांना होणारा धनुर्वात भारतातून हटल्याचे 2015 साली जाहीर झाले. मागे राहिले ते बहुधा घरातले वयस्क पुरुष, म्हणजे नेमके कुऱ्हाड धरणारे. त्यांच्यापैकी अनेकांना पूर्ण लस कधीच मिळालेली नसते. आता सरकारी केंद्रात धनुर्वात आणि घटसर्प या दोहोंवरची टीडी लस मिळते. पूर्वी कधी घेतली नसेल तर पहिली सुई, महिन्याने दुसरी, आणि सहा महिने ते वर्षाने तिसरी घ्यावी. पूर्वी पूर्ण घेतली असेल तर मातीने माखलेल्या किंवा खोल जखमेनंतर, शेवटच्या सुईला पाच वर्षे झाली असल्यास, एक घ्यावी. स्वच्छ किरकोळ जखमेला ही मुदत दहा वर्षांची. तारीख घरच्या वहीत लिहून ठेवावी.

मग जखमेला लावावे काय? पिण्याचे स्वच्छ पाणी आणि अंगाचा साबण. वाहत्या पाण्याखाली निदान पाच मिनिटे धुवावे, मातीचा कणही ठेवू नये, स्वच्छ फडक्याने बांधावे आणि रोज बदलावे. लाली पसरू लागली, पाय सुजून ऊन लागला, पू किंवा घाण वास आला, ताप आला, किंवा जांघेत अवधाण आले, तर आठवड्याच्या बाजाराची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखान्यात जावे.

या महिन्यात कुऱ्हाड काढण्यापूर्वी प्रत्येक घराने तीनच कामे करावीत. दांड्याची पाचर तपासावी, फोडणाऱ्यासाठी बुटांची एक जोडी ठरवावी, आणि घरातल्या पुरुषांनी शेवटची धनुर्वाताची सुई कधी घेतली ते विचारावे. कोणालाच आठवत नसेल तर उत्तर मिळालेच. पुढच्या मंगळवारी-गुरुवारी आशाताई गावात आल्या की त्यांच्याकडे लसीचा दिवस विचारून घ्यावा, आणि मग लाकडाला हात घालावा.